बागेतल्या मातीत सापडलेली नाणी

जुन्या नाण्यांविषयीच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली: धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन सार्वजनिक बागेत किंवा मोकळ्या जागेत नाणी शोधणे. पहिल्या पत्रातला प्रश्न बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असल्यामुळे त्याचे उत्तर बरेच मोठे झाले आहे.

प्रश्न: मी निवृत्त अभियंता असून परदेशात शिकणाऱ्या नातवाने सुट्टीत येताना एक मेटल डिटेक्टर आणला. आम्ही दोघे रोज सकाळी महापालिकेच्या बागेत जातो. गेल्या आठवड्यात एका नव्या वाफ्याच्या कडेला साधारण वीतभर खोलीवर तांब्याची तीन नाणी एकाच ठिकाणी मिळाली. एकावर ‘राजा’ आणि दुसऱ्या बाजूस ‘पति’ एवढे वाचता येते. उरलेली दोन व्हिक्टोरिया राणीची आहेत. ही नाणी कोणत्या काळातील आहेत, ती आमची झाली का, आणि नातू परत जाताना त्याला आठवण म्हणून एक देता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: पहिले नाणे शिवराई आहे. तिच्या एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. परंतु ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर त्यातली काही अक्षरेच उमटतात, म्हणून आपल्याला ‘राजा’ आणि ‘पति’ एवढेच दिसले. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हापासून हा नमुना सुरू झाला हे खरे असले, तरी शिवराई हाती आली की ती महाराजांच्या काळातलीच असे समजणे घाईचे ठरते, कारण पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने, त्याच अक्षरांनी ही नाणी पाडली जात होती आणि इंग्रजी अंमल आल्यावरही ती कित्येक वर्षे बाजारात चालत होती. आपल्या नाण्यावर ‘छत्र’ आणि ‘पति’ या दोन ओळींच्या मधे दोन समांतर रेषा आहेत का ते भिंगातून पाहावे. असल्यास ती संग्राहक जिला ‘दुदांडी’ म्हणतात ती उत्तरकालीन शिवराई होय. अक्षरांचे वळण आणि वजन हे दोन पुरावेही महत्त्वाचे आहेत. सुरुवातीच्या शिवराया सहसा जड आणि अक्षरांनी सुबक असतात.

व्हिक्टोरिया राणीची नाणी पाव आण्याची, म्हणजे जुन्या हिशेबातला एक पैसा, असावीत. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे हा हिशेब आपल्या पिढीला पाठ आहे, नातवाला मात्र तो समजावून सांगावा लागेल. राणीच्या मुखवट्याभोवती ‘क्वीन’ हा शब्द असेल तर नाणे १८६२ ते १८७६ या काळातले आणि ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचे आहे. वर्ष मागच्या बाजूला असते, पण ते झिजले असले तरी या एका शब्दावरून काळाची मर्यादा ठरते.

आता या तीन नाण्यांकडे एकत्र पाहावे. एकाच ठिकाणी पडलेल्या नाण्यांपैकी जे सर्वांत अलीकडचे असते, त्याच्या आधी ती तिथे पडलेली असू शकत नाहीत. म्हणजे आपली शिवराई पेशव्यांच्या काळातली असली, तरी ती जमिनीत गेली ती व्हिक्टोरियाच्या काळात किंवा त्यानंतर. कोणाच्या तरी कनवटीला शिवराई आणि इंग्रजी पैसा एकत्र होते, भाजीबाजारात दोन्ही चालत होते, एवढी माहिती त्या तीन तुकड्यांनी एकत्र राहून दिली. शिवराई एकटी सापडली असती तर हे समजले नसते.

मात्र हे सगळे एका अटीवर खरे आहे: ती माती तिथलीच असली पाहिजे. आपण वाफा नवा आहे असे लिहिले आहे, आणि माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे. शहरातल्या बागांची माती पुष्कळदा डंपरने बाहेरून आणलेली असते. कधी ती नदीकाठची गाळाची असते, तर कधी जुन्या पेठेतला वाडा पाडून नव्या इमारतीचा पाया खणताना निघालेली असते. आपली नाणी अशा मातीबरोबर आलेली असतील तर ती बागेविषयी काहीही सांगत नाहीत, एखाद्या वाड्याविषयी सांगतात, आणि ती तीन एकत्र असणे हाही योगायोग असू शकतो. म्हणून बागेच्या अधीक्षकांना विचारावे की या वाफ्यात माती कधी भरली आणि कुठून आणली. त्यांच्याकडे त्याची नोंद असण्याचा संभव आहे, आणि ती मिळाली तर आपल्या तीन नाण्यांना पुन्हा पत्ता मिळेल. इतक्या साध्या चौकशीने जे हाती येते ते पुढे कोणत्याही तज्ज्ञाला नुसते नाणे पाहून सांगता येणार नाही.

नाणी आपली झाली का, या प्रश्नाचे उत्तर नाही असेच द्यावे लागते. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ सालचा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. बोलीभाषेत त्याला गुप्तधनाचा कायदा म्हणतात. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडलेली कोणतीही मौल्यवान चीज ‘निधी’ या व्याख्येत येते आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये ही १८७८ सालची रक्कम आहे आणि आजच्या बाजारात साधी शिवराईसुद्धा ती ओलांडते, त्यामुळे या मर्यादेचा आधार घेऊन गप्प राहू नये. वस्तू काय आहे, अंदाजे किंमत किती, कुठे मिळाली आणि कोणत्या तारखेला, एवढे त्या पत्रात लिहायचे आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जिल्हाधिकारी सांगतील तशी हमी द्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि ज्यांचा हक्क असेल त्यांनी हजर राहावे म्हणून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतात. कोणीही पुढे आले नाही तर वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते. जागेच्या मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला अशी वाटणी कायद्यात आहे. आपल्या बाबतीत जागेची मालक महापालिका आहे. शिवाय सरकारला ती वस्तू वस्तुसंग्रहालयासाठी हवी असेल तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी जास्त रक्कम देऊन ती घेता येते. न कळवल्यास आपला वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

हे वाचून आपण घाबरून जावे असा हेतू नाही. तीन तांब्याच्या नाण्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जाणे अनेकांना अति वाटेल, आणि धातूच्या वजनावर ठरणारा मोबदला तांब्याच्या नाण्याला अगदीच किरकोळ पडतो, ही या जुन्या कायद्याची मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या उणिवेमुळेच पुष्कळ नाणी कोणालाही न कळवता सराफाकडे किंवा मोडीत जातात. तरीही आपण पत्र द्यावे, त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवावी आणि पोच घ्यावी.

नातवाला नाणे देता येणार नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेले कोणतेही नाणे पुरावशेष ठरते आणि असा पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. आपली तिन्ही नाणी शंभरी ओलांडलेली आहेत. विमानतळावर सामानात असे एक नाणे निघाले तरी गुन्हा होतो आणि त्याला किमान सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैद सांगितली आहे. विद्यार्थ्याच्या आयुष्याशी हा खेळ करू नये. नाण्यांची दोन्ही बाजूंची उत्तम छायाचित्रे आणि सापडलेल्या जागेचा त्याच्या हातचा नकाशा त्याने सोबत न्यावा.

राहिला प्रश्न पुढे शोध चालू ठेवण्याचा. महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी मिळाल्याखेरीज यापुढे एकही खड्डा करू नये. बागेत दिव्यांच्या विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या फार वर असतात, खुरपे तारेत गेले तर जिवावर बेतते. शिवाय झाडांची मुळे तुटतात. आणि बाग एखाद्या संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल, जशी शनिवारवाड्याच्या तटाच्या आतली आहे, तर तिथे यंत्र काढण्याचा विचारसुद्धा करू नये. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असते. संरक्षित जागेत खणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रश्न: मी घेतलेले यंत्र आमच्या गावच्या माळावर पाऊल टाकीन तिथे वाजते आणि खणले की काहीच निघत नाही. तेच यंत्र समुद्रकिनाऱ्याच्या कोरड्या वाळूत शांत होते. यंत्र बिघडले आहे का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: यंत्र बिघडलेले नाही, आपल्या पायाखालचा दगड वाजतो आहे. यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते, त्यातून वेगाने उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र शिरते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे लहान प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे पकडते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे.

सह्याद्रीचा आणि देशावरचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहाचे चुंबकीय खनिज भरपूर असते. त्या दगडापासून झालेल्या मुरमात आणि कोकणातल्या जांभ्यातही लोह असते. त्यामुळे आपल्याकडची जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देते, आणि परदेशातल्या मऊ शेतजमिनीसाठी जुळवलेले यंत्र इथे गोंधळते. आपल्या यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असेल, बहुतेकांत ती असते, तर धातू नसलेल्या जागी तबकडी वरखाली करून ती आधी जुळवावी, संवेदनक्षमता कमी करावी आणि तबकडी जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी. जमीन शांत झाली तरी नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत कळली म्हणजे पुष्कळ झाले; आपल्या मुरमाड जमिनीत त्याहूनही कमी अपेक्षा ठेवावी.

पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याविषयीही थोडे सांगतो. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे त्यांचा आकडा वरचा येतो. शिसे आणि पोटिन, म्हणजे तांबे, कथिल व शिसे यांची मिश्र धातू, खालचा आकडा देतात. सातवाहनांची नाणी पुष्कळदा याच दोन धातूंची असतात आणि त्यांचा आकडा चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाच्या आकड्याच्या इतका जवळ येतो की कचरा टाळण्यासाठी तो भाग यंत्रातून वगळला तर दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणेही वगळले जाते. बागेत सर्वांत जास्त काय मिळते असे मला विचाराल तर बाटल्यांची बुचे, खिळे, आणि १९६४ पासून आलेली ॲल्युमिनियमची हलकी नाणी: एक, दोन, तीन, पाच आणि दहा पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून गेली, त्यामुळे आता तीही जुनी वाटू लागली आहेत. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाचा ‘नया पैसा’ मिळाला तर मला अजूनही आनंद होतो.

जाता जाता: नदीच्या घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून मुले पाण्यातली नाणी काढतात, ती अलीकडची पोलादी नाणी असतात. तांबे, चांदी, शिसे यांना चुंबक ओढत नाही, त्यामुळे त्या मार्गाने जुने नाणे मिळण्याची आशा धरू नये.

प्रश्न: आमच्या शाळेमागे गावाची जुनी पांढर आहे, ग्रामपंचायतीने तिच्या एका कडेला बालोद्यान केले आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर घसरगुंडीजवळ मुलांना एक चौकोनी वाटणारे काळपट नाणे मिळाले, त्यावर हत्ती दिसतो. मुलांनी चिंचेने घासायला सुरुवात केली होती, मी थांबवले. पुढे काय करावे? मुलांना घेऊन यंत्राने तिथे शोध घेतला तर चांगला उपक्रम होईल का? (एक शिक्षिका, जुन्नर तालुका)

उत्तर: आपण चिंच थांबवलीत याबद्दल मनापासून आभार. मी शाळेत असताना असेच एक नाणे चिंच आणि राखेने लखलखीत केले होते. हत्तीच्या वरची अक्षरे त्या घासण्यात गेली आणि ते कोणत्या राजाचे होते हे आता कधीही कळणार नाही. ती चूक मला आजही सलते, म्हणून हे जरा आग्रहाने लिहितो. जुन्या नाण्यावरचा घट्ट हिरवा किंवा काळपट थर हा मळ नसतो. धातूचा वरचा भाग शतकानुशतके बदलत जाऊन तो झालेला असतो आणि पुष्कळदा ठशाची अक्षरे धातूत उरलेली नसून त्या थरातच उरलेली असतात. लिंबू, चिंच, पितळ घासायची पावडर, तारेचा ब्रश, यांपैकी काहीही वापरू नये. सुटी माती मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी, फार तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड वारंवार येत असेल तर तो धातूला लागलेला रोग आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून वस्तुसंग्रहालयातल्या जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. नाणे शिशाचे असेल तर ते लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून झडते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांनीही नाणी खराब होतात.

हत्ती आणि जुन्नर हे दोन शब्द एकत्र आले की सातवाहनांची आठवण होणे साहजिक आहे. सातवाहनांचे शिलालेख असलेला नाणेघाट तिथून जवळ आहे आणि हत्ती हे सातवाहन नाण्यांवरचे आवडते चिन्ह आहे. मागच्या बाजूला मधल्या अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे, म्हणजे ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते, दिसते का पाहावे. तरीही निश्चित निर्णय नाणे हातात घेतल्याशिवाय देऊ नये, असा माझा नियम आहे.

यंत्राच्या उपक्रमाला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण आपण स्वतःच लिहिले आहे: ती पांढर आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद आपल्या खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पांढरीची माती पांढुरकी असते, कारण तिच्यात शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती आणि खापरे एकावर एक थरांनी साचलेली असतात. इनामगाव, नेवासे आणि तेर इथल्या उत्खननांतून महाराष्ट्राच्या प्राचीन जीवनाविषयी जे कळले, ते हे थर एकेक करून उलगडल्यामुळे. नाणे कोणत्या थरात होते, त्याच्या शेजारी कोणत्या घडणीचे खापर होते, यावरून घराचा काळ ठरतो. यंत्राने नाणे तेवढे उचलले तर घर पुन्हा मुके होते.

एकत्र सापडलेली नाणी काय सांगू शकतात याचे आपल्याजवळचे उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. ती सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक राजाची होती, पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या नावाने कोरलेल्या लेखात त्याने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असे म्हटले आहे. ती आईने केलेली मुलाची नुसती स्तुती नव्हती, हे त्या साठ्याने दाखवून दिले. हीच नाणी एकेक करून दहा गावच्या बाजारांत विकली गेली असती, तर दोन ठसे असलेली काही विचित्र नाणी एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

आपल्या मुलांसाठी वेगळा उपक्रम सुचवतो. पावसाने जे वर आणले ते वरूनच पाहावे, खणू नये आणि उचलण्याआधी जागा टिपून घ्यावी: मोबाइलवरचे स्थान, घसरगुंडीपासून किती पावले, मातीचा रंग कसा, शेजारी खापर आहे का. नाण्याच्या छायाचित्रात शेजारी आजचे एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. मुलांनी वहीत चित्र काढावे, कारण चित्र काढताना डोळा जे पाहतो ते छायाचित्र काढताना पाहत नाही. नंतर मुख्याध्यापकांच्या सहीने तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुरातत्त्व संचालनालयाला कळवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागालाही पत्र लिहावे. सहल काढायची असेल तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिचे नाण्यांचे संग्रहालय मुलांना दाखवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाण्यांचे दालन आणि फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय ही दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

प्रश्न: नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे लोक उघडपणे यंत्र घेऊन शेतात फिरतात. आमच्या वस्तीजवळच्या सार्वजनिक उद्यानात मीही हा छंद करू शकतो का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: आधी उद्यान ज्या कौन्सिलचे आहे तिला विचारावे, अनेक कौन्सिल नकार देतात आणि लंडनच्या हाइड पार्कसारख्या राजउद्यानांत तर यंत्राला पूर्ण मनाई आहे. शेतातही मालकाची परवानगी लागते. संरक्षित स्मारकांवर यंत्र वापरणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू असून त्याप्रमाणे ३०० वर्षांपूर्वीची सोन्याची किंवा चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र मिळाली, किंवा हलक्या प्रतीच्या धातूची दहा मिळाली, तर १४ दिवसांच्या आत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावे लागते. सुटे नाणे सहसा त्यात येत नाही, परंतु त्याचीही नोंद करून घेणारा अधिकारी प्रत्येक भागात असतो आणि ती नोंद संशोधकांना खुली होते.

१९९२ साली सफकमधल्या हॉक्सन इथे शेतात हरवलेला हातोडा शोधताना एका माणसाला रोमन काळातल्या सोन्याचांदीच्या जवळजवळ पंधरा हजार नाण्यांचा साठा लागला. काही वस्तू वर काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो लाकडी पेटीसकट, आतल्या मांडणीसकट अभ्यासता आला. तो साठा आणि हातोडा, दोन्ही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सापडणाऱ्याला बाजारभावाने मोबदला मिळतो, म्हणून तिथे लोक कळवतात. आपल्याकडच्या कायद्यात हाच बदल व्हावा असे मला फार वाटते.

प्रश्न: आमच्या वाड्याच्या परसात गुप्तधन आहे असे सांगून एक गृहस्थ वीस मीटर खोलीवरचे सोने दाखवणारे यंत्र घेऊन आले आहेत. ते आगाऊ रक्कम आणि अमावास्येला एक विधी करायला सांगतात. वडिलांचा त्यांच्यावर विश्वास बसला आहे. मी काय करू? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर: एक रुपयाही देऊ नका. हातात धरायच्या यंत्राला नाणे वीतभर खोलीवर आणि मोठे भांडे फार तर मीटर-दीड मीटरवर कळते. वीस मीटरवरचे सोने ओळखणारे, अँटेना फिरवून दिशा दाखवणारे यंत्र अस्तित्वात नाही. अशाच फिरत्या अँटेनाचे ‘एडीई ६५१’ नावाचे उपकरण बॉम्ब शोधते असे सांगून इराकला विकले गेले होते. ते पोकळ निघाले आणि विकणाऱ्याला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. वडिलांना हे उदाहरण सांगावे. त्यांच्यादेखत त्या गृहस्थांची एक परीक्षाही घेता येईल: एकसारखे पाच बंद डबे ठेवावेत, एकात घरातली अंगठी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे त्या गृहस्थांना माहीत नसताना यंत्राने दहा वेळा दाखवून द्यावे.

विधीविषयी अधिक गंभीरपणे सांगतो. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा विधींत माणसांचे जीव गेलेले आहेत. त्या गृहस्थांनी पुन्हा विषय काढला तर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. त्याच ओघात सांगतो की जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने येणारे संदेशही खोटे असतात. बँकेने २०२१ साली तसा जाहीर इशारा दिला होता.

परसात पुढे पाया किंवा आड खणताना खरोखरच एखादे मडके लागले तर काम तिथेच थांबवावे. मडके वर काढू नये आणि उपडे करू नये, कारण तळाची नाणी आधी आणि वरची नंतर टाकलेली असतात आणि तो क्रम एकदाच वाचता येतो. वर ओले पोते झाकावे, दोन शेजाऱ्यांना साक्षीला ठेवून छायाचित्र काढावे, तलाठ्यांना त्याच दिवशी कळवावे आणि पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नये.